मागितले पन्नास, मिळाले एकोणीस

उल्हासनगर कॅम्प पाचमधला जुन्या वळणाचा पत्ता म्हणजे आकड्यांची माळ असते. आधी बरॅकचा क्रमांक, मग खोलीचा, मग सेक्शन, मग कॅम्प, आणि शेवटी पिनकोड ४२१००५. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्याच बरॅकींमध्ये राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणी गेली, पण छावणीचा हिशेब पत्त्यात राहून गेला.

अशा पत्त्यावर पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या वाट्याला नाना तऱ्हेच्या चुका येतात. ‘कॅम्प ६’ असं लिहिलेलं असेल तर तो गाडीला किकसुद्धा मारत नाही. कॅम्प पाचच आहेत. बरॅकचा आकडा पटण्यासारखा असतो, पण ती बरॅक पाडून तिथे पाच मजली इमारत उभी राहिलेली असते, हे मात्र तिथे गेल्यावरच कळतं. कधी घर सापडतं, पण दार उघडणारा म्हणतो की ओटीपी माझ्याकडे नाही. आणि कधी पत्ता, माणूस, ओटीपी सगळं जुळतं, पण माल इतका की दुकानात ठेवायला वीतभर जागा उरलेली नसते. चार वेळा पार्सल परतच जातं, पण चारही वेळा कारण वेगळं. ते कारण पावतीवर नीट लिहिलं नाही, तर पाठवणारा पुन्हा तीच चूक करतो.

कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नेमका हाच धंदा चालतो. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मराठीत हा शब्द लष्करातल्या कर्नलसारखाच लिहिला जातो, आणि एका अर्थी ते शोभूनही दिसतं. बाहेरचा कुठलाही प्रोग्राम कर्नलकडे काही मागायला आला, की एका ठरावीक फंक्शनला हाक मारतो आणि सोबत काही किमती देतो. या किमतींना आर्ग्युमेंट म्हणतात. हुज्जतीशी त्यांचा संबंध नाही, निदान सुरुवातीला तरी. कर्नलने त्या तपासायच्या असतात. कशा तपासायच्या आणि चूक सापडल्यावर काय करायचं, यात पन्नास वर्षांत काय काय झालं ते पाहायला शेड्यूलरइतकी चांगली जागा दुसरी नाही.

शेड्यूलर म्हणजे कोणाला केव्हा आणि किती वेळ प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग. कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात डोकावलं तर तो ओळखीचा वाटेल. कटिंग झालेल्या मालाची बंडलं एका बाजूला रचलेली, समोर मशिनींची रांग, आणि कोणतं बंडल कोणत्या कारीगराकडे जाईल हे सांगणारा मास्तर. त्याच कारखान्यात मशिनीच्या फळीवर कारीगराचा अँड्रॉइड फोन पडलेला असतो. त्यात गाणं चालू आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइनचे फोटो उतरताहेत, पैसे जमा झाल्याची घोषणा मध्येच होते आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो आणि या सगळ्या कामांत प्रोसेसर वाटतो तो लिनक्सचा शेड्यूलर. गाण्याचा धागा, म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक प्रवाह, त्याला सांगतो की माझा ‘नाइस’ आकडा उणे १६ धरा. मागे चाललेली कामं सांगतात की आमचा १० धरा. नाइस म्हणजे भिडस्तपणा: आकडा जितका मोठा तितका तो प्रोग्राम दुसऱ्याला पुढे जाऊ देणारा. लिनक्समध्ये हा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत.

मग कोणी ५० सांगितला तर?

उत्तरासाठी १९७५ सालापर्यंत मागे जावं लागेल. त्या वर्षीच्या युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सने जिचा नमुना घेतला त्या सिस्टीमच्या, सहाव्या आवृत्तीत नाइस हे फंक्शन जेमतेम आठ ओळींचं होतं. जॉन लायन्स या प्राध्यापकाने १९७७ मध्ये या कर्नलवर ओळीगणिक भाष्य लिहिल्यामुळे त्या ओळी जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात गेल्या. त्यात तपासण्या दोनच आहेत. आकडा २० पेक्षा मोठा असेल तर तो २० करा. आकडा उणे असेल आणि मागणारा सुपरयूजर, म्हणजे यंत्रावर सगळे हक्क असलेला वापरकर्ता, नसेल, तर तो शून्य करा. मग तो आकडा प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नोंदीत लिहा. संपलं.

या तपासणीत एक भोक आहे. सुपरयूजरने उणे किती मागावं याला खालची मर्यादाच नाही. आणि नोंदीत त्या आकड्यासाठी जागा ठेवली आहे एका बाइटची, म्हणजे उणे १२८ ते १२७ एवढंच मावणारी. समजा सुपरयूजरने घाईच्या कामासाठी उणे १००० मागितलं. त्याचा फक्त शेवटचा बाइट उरतो, आणि त्याची किंमत येते अधिक २४. सगळ्यांच्या पुढे जायला निघालेला प्रोग्राम सगळ्यांच्या मागे, तोही निमूटपणे. कुठे एरर नाही, कुठे नोंद नाही. अर्थात उणे १००० मागणारा सुपरयूजर त्या काळी कोणी असेल असं नाही. पीडीपी-११ यंत्राशेजारी बसणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखत. त्या आठ ओळींचा भरवसा तपासणीपेक्षा माणसांवर जास्त होता.

आजच्या लिनक्सने ते भोक बुजवलं आहे, पण वळण तेच ठेवलं आहे. नाइससाठी ५० मागा, १९ मिळेल. उणे ५० मागा आणि तुम्ही रूट, म्हणजे सुपरयूजर, असाल, तर उणे २० मिळेल. कर्नल चूक म्हणत नाही. आकडा ओढून हद्दीत आणतो आणि काम झालं असं कळवतो. भाजीवाल्याकडे सव्वा किलोचं वजन नसलं की तो किलोभर देतो तसं, फरक इतकाच की भाजीवाला तसं बोलून दाखवतो.

याच आकड्याने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला मारलेली हाक, फसला की कर्नल उणे आकडा परत देतो, हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत. पण नाइसची खरी किंमतच उणे असू शकते. ‘माझा नाइस किती?’ या प्रश्नाला उणे १ असं उत्तर आलं तर ती एरर की उत्तर? यावर लिनक्सच्या कर्नलने पळवाट काढली: तो २० मधून नाइस वजा करून ४० ते १ यांतला आकडा देतो, आणि बाहेरची लायब्ररी तो उलटा फिरवून प्रोग्रामला खरी किंमत सांगते.

नाइस हा साध्या कामांचा मामला. ज्यांना प्रोसेसर ताबडतोब हवा असतो अशा रिअल-टाइम कामांसाठी वेगळा दरवाजा आहे, आणि तिथला पहारेकरी मुळीच मवाळ नाही. तिथे प्राधान्याचा आकडा १ ते ९९. शंभर मागितलेत तर नव्व्याण्णव मिळत नाही. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून परत पाठवणी होते. उलट साध्या कामाने प्राधान्य म्हणून शून्याखेरीज काहीही लिहिलं, तरी तीच पाठवणी.

तपासणीचा क्रमही बघण्यासारखा आहे. प्रोसेसचा क्रमांक उणे आहे का, प्राधान्याची किंमत जिथे ठेवली तो पत्ता कोरा आहे का, हे पहिल्यांदा. हा झाला ‘कॅम्प ६’. मग ती किंमत प्रोग्रामच्या स्मृतीतून कर्नल स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतो. पत्ता बनावट असेल तर इथे ‘बॅड अ‍ॅड्रेस’. मग त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का. नसेल तर ‘नो सच प्रोसेस’, म्हणजे पाडलेली बरॅक. मग धोरण (काम साधं की रिअल-टाइम) आणि आकडा यांचा मेळ. त्यानंतर हक्क: सर्वसाधारण वापरकर्त्याला ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, म्हणजे ओटीपी नसलेला माणूस. म्हणूनच साधा वापरकर्ता ५० मागतो तेव्हा त्याला ‘परवानगी नाही’ असं कळतं, आणि १०० मागतो तेव्हा ‘हा आकडाच चुकीचा’ असं. सगळ्यांना एकच सरसकट नकार दिला असता तर लिहिणाऱ्यांचं काम सोपं झालं असतं, आणि वापरणाऱ्यांचे दिवसच्या दिवस फुकट गेले असते.

आधी उतरवून घ्यायचं आणि मग उतरवलेली प्रत तपासायची, हे दिसायला किरकोळ आहे, पण त्यात मोठं शहाणपण आहे. किंमत प्रोग्रामच्या स्मृतीत ठेवूनच तपासली, तर तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात त्याच प्रोग्रामचा दुसरा धागा ती बदलू शकतो. लग्नाच्या हॉलमध्ये दागिने मोजून पेटी तिथेच टेबलावर सोडण्यासारखं ते होईल.

सर्वांत कसून तपासणी होते ती ‘डेडलाइन’ या धोरणाची. लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत, २०१४ साली ते आलं. इथे प्रोग्राम एक आकडा सांगत नाही, तीन सांगतो: मला एवढा वेळ काम करायचं आहे, एवढ्या मुदतीच्या आत, आणि दर एवढ्या काळाने पुन्हा. उदाहरणार्थ, दर ३३ मिलिसेकंदांनी व्हिडिओची एक चौकट तयार करायची आणि तिला १० मिलिसेकंद लागतात. तिन्ही आकडे नॅनोसेकंदांत द्यायचे असतात, म्हणजे १० मिलिसेकंदांसाठी एकावर सात शून्यं. घाईत कोणी नुसतंच १० लिहिलं तर? कर्नल १०२४ नॅनोसेकंदांपेक्षा कमी कामाचा वेळ स्वीकारतच नाही. ही मर्यादा मूळची एककाचा घोळ पकडायला घातलेली नाही. आतल्या हिशेबात खालचे दहा बिट गाळले जातात, म्हणून निदान तेवढा आकडा हवा. पण एकक विसरलेला माणूस त्यात आयताच सापडतो.

मग वरची हद्द. मुदत आणि आवर्तन यांच्या ६४ बिटांपैकी सर्वांत वरचा बिट कोरा असला पाहिजे. कोणती मुदत आधी संपते हे शेड्यूलर दोन वेळांची वजाबाकी करून आणि उत्तराचं चिन्ह पाहून ठरवतो; वरचा बिट भरलेला असेल तर चिन्ह उलटतं आणि उद्याची मुदत कालची वाटू लागते. मग नातं: कामाचा वेळ मुदतीपेक्षा जास्त नको, मुदत आवर्तनापेक्षा जास्त नको. तीन आकडे एकेकटे निर्दोष असूनही एकत्र आल्यावर वेडेपणा ठरू शकतात, हे इथे गृहीतच धरलं आहे.

हे सगळं पार पडल्यावरही प्रवेश नक्की नसतो. कर्नल पाहतो की आधी कबूल केलेल्या सगळ्या कामांत हे नवं काम मिळवलं तर बेरीज मावते का. मूळ सेटिंगप्रमाणे दर सेकंदातली ०.९५ सेकंदंच अशा कामांना देता येतात. उरलेला पाच टक्के वेळ बाकीच्यांसाठी, नाहीतर बिघडलेला प्रोग्राम बंद करायलाही कोणाला वेळ मिळायचा नाही. आठ कोअरच्या यंत्रावर सगळं मिळून ७.६ कोअरइतकं काम. त्यावर गेलं की उत्तर येतं ‘बिझी’. आर्ग्युमेंट बरोबर, हक्कही आहे, जागा नाही. सकाळी साडेआठला अंबरनाथ लोकलच्या दाराशी उभा असलेला माणूस हेच सांगतो, फक्त त्याची भाषा कर्नलइतकी नेमस्त नसते.

तपासणी राहून गेली तर काय होतं, याची दोन उदाहरणं शेड्यूलरच्या अगदी शेजारघरची आहेत. पहिलं २०१३ चं. प्रोग्राम किती वेळा अदलाबदल होऊन चालला वगैरे मोजमाप ठेवणारा ‘पर्फ’ हा भाग कर्नलमध्ये आहे. काय मोजायचं त्याचा क्रमांक ६४ बिटांत येतो. तो तपासताना मात्र ३२ बिटांच्या चिन्हयुक्त चलात घेतला होता, आणि तपासणी एकच होती: क्रमांक कमाल मर्यादेपेक्षा मोठा आहे का? आता ४२९४९६७२९५ हा आकडा अशा चलात ओतला की तो उणे १ दिसतो. उणे १ काही मर्यादेपेक्षा मोठा नाही, तेव्हा या, बसा. मग तोच उणे क्रमांक वापरून कर्नल यादीच्या सुरुवातीच्याही मागच्या जागेत जाऊन लिहायचा. टोमी रांताला याने कर्नलला अद्वातद्वा आर्ग्युमेंट देत सुटणारा ‘ट्रिनिटी’ नावाचा प्रोग्राम चालवून हे शोधलं. दुरुस्ती त्या चलाचा प्रकार बदलण्याएवढीच होती. पण ती सगळीकडे पोचण्याआधी साध्या वापरकर्त्याला रूट बनवणारा प्रोग्राम मे महिन्यात जाहीरपणे फिरू लागला होता.

दुसरं जून २०१४ चं, आणि ते थेट फोनमधलं. कुलपासाठी थांबलेल्या धाग्यांना एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हलवणारं फ्युटेक्सचं एक फंक्शन आहे. त्याला दोन पत्ते द्यायचे: या रांगेतून, त्या रांगेत. दोन्ही पत्ते नीट तपासले जायचे. दोन्ही एकच असले तर, एवढं मात्र कोणी विचारलं नव्हतं. या चुकीवर जॉर्ज हॉट्झने ‘टॉवेलरूट’ नावाचं अ‍ॅप बनवलं आणि एका बटणावर गॅलेक्सी एस-५ सारखे फोन रूट होऊ लागले. कर्नलमधल्या दुरुस्तीत मग तो साधा प्रश्न आला: दोन्ही पत्ते सारखे असतील तर परत पाठवा.

एवढं वाचून वाटेल की कर्नलमधलं प्रत्येक फंक्शन आर्ग्युमेंट तपासत असेल. तसं मुळीच नाही. पहारा हद्दीवर असतो. आत सगळे एकमेकांवर भरवसा ठेवतात. धागा निवडणारं फंक्शन सेकंदाला हजारो वेळा चालतं. दर वेळी त्याने आलेली प्रत्येक किंमत चाचपायची ठरवली, तर फोनची बॅटरी चाचपण्यातच जाईल. कटिंग मास्तरने एकदा मोजलेलं बंडल प्रत्येक कारीगर पुन्हा मोजत बसत नाही.

भरवशाचं टोक पाहायचं तर पुण्याला जावं लागेल. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. ट्रान्सप्युटरचा शेड्यूलर सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. तो चिपच्या आत कोरलेला होता. प्राधान्याचे स्तर दोनच, वरचा आणि खालचा, आणि ते लिहायचे कुठे, तर प्रोसेसच्या पत्त्याच्या अगदी शेवटच्या बिटात. शून्य म्हणजे वरचा, एक म्हणजे खालचा. एका बिटात तिसरी किंमत मावतच नाही, त्यामुळे प्राधान्य हद्दीबाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. पत्त्याची गोष्ट वेगळी. ‘ही प्रोसेस रांगेत लाव’ ही आज्ञा मिळाली की चिप त्या पत्त्याला रांगेत लावायची, तिथे खरंच प्रोसेस आहे की कचरा हे न विचारता. स्मृतीला कुंपण नसलेल्या यंत्रात विचारणार तरी कोण?

त्या एका बिटाची हुशारी लिनक्सला बऱ्याच उशिरा, वेगळ्या वाटेने सुचली. वर सांगितलेला १ ते ९९ चा आकडा कर्नलच्या आतले ड्रायव्हरही स्वतःच्या धाग्यांसाठी निवडत. कोणी ५० लिही, कोणी ९९, कोणी दुसऱ्या ड्रायव्हरमधून उतरवून घेतलेला. प्रत्येक आकडा तपासणीत उत्तीर्ण व्हायचा, आणि तरी त्याला अर्थ नव्हता, कारण शेजारच्या ड्रायव्हरने काय निवडलं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. २०२० मध्ये, ५.९ आवृत्तीत, पीटर झिल्स्ट्रा यांनी ते आर्ग्युमेंटच काढून घेतलं. ड्रायव्हरने आता एवढंच सांगायचं की मला रिअल-टाइम हवं, किंवा त्यातलं सर्वांत खालचं हवं. पहिल्याला कर्नल ५० देतो, दुसऱ्याला १. या साऱ्या कहाणीत तपासणीची इतकी नेटकी तऱ्हा दुसरी नाही: जो प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही नीट कळत नाही, तो विचारूच नये.

बाहेरच्या प्रोग्रामांशी मात्र असं वागता येत नाही; त्यांना दिलेला शब्द मोडता येत नाही. म्हणून २०१४ मध्ये डेडलाइनसोबत शेड्यूलरचा नवा सिस्टीम कॉल आणताना भविष्याची तजवीज आधीच केली. सगळ्या किमती एका खोक्यात घालून द्यायच्या आणि खोक्यावर त्याची लांबी लिहायची. सुरुवातीला खोकं ४८ बाइटांचं होतं, पुढे ५६ चं झालं. जुना प्रोग्राम छोटं खोकं आणतो, तर उरलेली जागा शून्य धरली जाते. नव्या प्रोग्रामने जुन्या कर्नलला मोठं खोकं दिलं, तर जास्तीच्या भागात सगळी शून्यं असतील तरच ते घेतलं जातं. नाहीतर ‘खोकं फार मोठं’ म्हणून परत, आणि जाताना त्यावर कर्नल स्वतःची लांबी लिहून देतो. शिवाय ‘फ्लॅग्ज’ नावाचं एक आर्ग्युमेंट आहे, ज्याचा आज काहीही उपयोग नाही, आणि त्यात शून्याखेरीज काही आलं तर कर्नल परत पाठवतो. निरुपयोगी गोष्ट कशाला तपासायची? कारण आज कचरा चालवून घेतला, तर उद्या त्या जागेला अर्थ देता येत नाही. फाइल उघडण्याच्या जुन्या कॉलमध्ये ही तपासणी नव्हती. अनोळखी फ्लॅग तो मुकाट गिळायचा, आणि तो नियम घट्ट करायला २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत वेगळाच कॉल आणावा लागला.

इतक्या काटेकोर खोक्यातला नाइसचा आकडा मात्र सुटला. तो हद्दीबाहेर असेल तर तो आजही ओढून हद्दीत आणला जातो. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने एक टिपणही टाकलं आहे: जुन्या कॉलसारखं मवाळ राहायचं, की कडक होऊन एरर द्यायची? पुढे प्रश्नचिन्ह. कडकच व्हायला हवं होतं. पहिल्या दिवशी नकार मिळालेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो. मवाळपणे चालवून घेतलेला प्रोग्राम वर्षानुवर्षं चुकीचा राहतो आणि मग त्याला नकार देणं म्हणजे चालतं काम बंद पाडणं होतं.

घरात लिनक्सचा कॉम्प्युटर असेल तर टर्मिनल उघडून चालू शेलवर रीनाइस ही आज्ञा ५० आकडा देऊन चालवून पाहा. उत्तर येईल: जुनं प्राधान्य ०, नवं प्राधान्य १९.